भाईचं गिऱ्हाईक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिसिलीतल्या पालेर्मो शहराभोवती लिंबाच्या बागा होत्या. खलाशांना होणारा स्कर्व्ही लिंबाच्या रसाने टळतो हे इंग्रजी आरमाराला पटल्यापासून या फळाला भाव आला होता. पुढे अमेरिकेलाही जहाजं भरून पेट्या जाऊ लागल्या. पण लिंबाची बाग हा नाजूक मामला. झाड लावल्यापासून भरघोस फळ धरेपर्यंत कित्येक वर्षं जातात, उन्हाळ्यात पाटाचं पाणी ठरल्या वेळी आलं नाही तर पीक हातचं जातं, आणि एखाद्या रात्री कुणी कुऱ्हाड घेऊन कुंपण ओलांडलं की सगळी गुंतवणूक आडवी होते. १८१२ साली सरंजामशाही कायद्याने संपली होती आणि सरदारांच्या पदरचे हत्यारबंद लोक मोकळे झाले होते. १८६१ साली इटलीचं एकीकृत राज्य आलं. उत्तरेकडून आलेल्या अधिकाऱ्याला सिसिलीची बोली कळत नसे, आणि कोर्टात साक्षीला कुणी उभं राहत नसे. मग बागवाला राखणदार नेमायचा. राखणदार गावच्या दांडग्यांपैकीच एक. पाणी कुणाला किती हे तोच ठरवणार, फळ कुठल्या व्यापाऱ्याला जायचं हेही तोच सांगणार. ज्याने त्याला नेमलं नाही त्याची झाडं रात्री कोण तोडतं, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असायचं.

माफियाच्या जन्माची कुळकथा गरिबीपासून सुरू करायची आपली सवय आहे. इथे तर ती त्या मुलुखातल्या सर्वांत पैसेवाल्या शेतीत सापडते. १८७६ साली लिओपोल्दो फ्रान्केती आणि सिदनी सोनिनो हे दोन तरुण अभ्यासक सिसिलीत हिंडले. सोनिनो पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. फ्रान्केतीने आपल्या अहवालात तिथल्या हिंसेला सरळ उद्योग म्हटलं. त्याच्या मते टोळीचा म्होरक्या हा भांडवलदार, कारखानदार आणि व्यवस्थापक अशा तिन्ही भूमिका करतो. शंभराहून अधिक वर्षांनी, १९९३ साली, दिएगो गाम्बेत्ता या समाजशास्त्रज्ञाने हाच धागा उचलून माफिया म्हणजे संरक्षण विकण्याचा खासगी धंदा अशी मांडणी केली. दारू, हेरॉइन, सिमेंट हे जोडधंदे झाले. मूळ माल एकच, हमी. उधारी वसूल होईल याची हमी, शेजारी बांध कोरणार नाही याची हमी, स्पर्धक निविदा भरणार नाही याची हमी.

या संग्रहातले लेख पालेर्मो, मुंबई, कोबे आणि साओ पाउलो या शहरांभोवती फिरतात. या चार शहरांची भाषा वेगळी, कायदे वेगळे. मराठी वाचकाला टोळीयुद्धाच्या कहाण्या नव्या नाहीत. आपल्या कपाटात त्या भरपूर आहेत, पडद्यावर त्याहून जास्त. त्या कहाण्यांत भाई असतो, त्याचा शूटर असतो, एक जिगरबाज इन्स्पेक्टर असतो आणि मधे कुठेतरी एक बार असतो. भाईकडे स्वतःचं काम घेऊन जाणारा माणूस मात्र त्यांत क्वचित दिसतो, आणि दिसला तरी बळी म्हणून. हे लेख त्या माणसाकडे पाहतात. टोळीचं काय झालं यापेक्षा तिच्या गिऱ्हाइकाचं काय झालं हे विचारलं, तर टोळ्या का टिकतात याचा उलगडा लवकर होतो, असं मला वाटतं. माझी ही प्रस्तावना त्या एका मुद्द्यापुरतीच आहे.

मुंबई आधी घेऊ, कारण इथलं गिऱ्हाईक आपल्या ओळखीचं आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने शहरातली भाडी १९४०च्या आसपासच्या पातळीवर गोठवली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीचे लोंढे येत होते. कायद्याचा हेतू चांगलाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुक्कामाला राहिला. गिरगावातल्या खोलीचं भाडं दोन आकड्यांत, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला हलवता येत नाही, खोली पागडीवर हातोहात फिरते आणि पागडीची पावती कुणी देत नाही. लघुवाद न्यायालयात बापाने टाकलेल्या दाव्याच्या तारखांना मुलगा जातो. अशा वेळी कुणीतरी हळूच म्हणतं, ‘भाईंच्या कानावर घालू या.’ मग मांडवली बसते. दोन्ही बाजू समोरासमोर, निकाल त्याच बैठकीत, आणि निकालाची अंमलबजावणीही निकाल देणाऱ्याकडेच. टक्केवारी तेवढी मोजायची.

या बैठकीला येणारा माणूस बहुतेक वेळा चारचौघांसारखा संसारी असतो. बिल्डर, दलाल, चेक न वटल्यामुळे हैराण झालेला कापडवाला, भावाने वाटणी अडवलेला नोकरदार. त्यातही ज्याचा व्यवहार दोन नंबरचा आहे त्याला तर दुसरी वाटच नसते. रोखीत दिलेले पन्नास लाख बुडाले म्हणून तो कुठल्या न्यायाधीशापुढे जाणार? काळा पैसा जितका जास्त, तितकी कोर्टाबाहेरच्या कोर्टाची गरज जास्त. आपल्या शहरातल्या टोळ्यांच्या भरभराटीचा हिशेब मांडताना हे कलम सहसा गाळलं जातं, कारण ते फार घरांत शिरतं.

जपानचं उदाहरण इथे शेजारी ठेवण्यासारखं आहे, कारण सिसिलीतलं दुबळं राज्य किंवा मुंबईतली गर्दी यांपैकी काहीही तिथे नाही. यामागुची-गुमी ही तिथली सर्वांत मोठी याकुझा संघटना १९१५ साली कोबे बंदरातल्या हमालांमधून उभी राहिली. १९६०च्या दशकात देशभरच्या याकुझांची संख्या पोलिसांच्या मोजणीत १ लाख ८४ हजारांवर गेली होती. मोजणी करता येत होती, कारण काही लपलेलंच नव्हतं. कचेरीबाहेर संघटनेची पाटी, सभासदाच्या खिशात हुद्द्यासह व्हिजिटिंग कार्ड. गुन्हेगारी कमी आणि शिस्त कडक असलेल्या देशात हे कसं खपलं? तिथेही गिऱ्हाईकच शोधावं लागतं. जपानमध्ये लोकसंख्येच्या मानाने वकील थोडे, दिवाणी दावे सावकाश चालणारे, आणि भाडेकरूच्या बाजूने कायदा भक्कम. १९८०च्या दशकात तोक्योतल्या जमिनीचे भाव चढत गेले तेव्हा जुन्या घरांतले भाडेकरू आणि छोटे मालक हलेनात. विकासकांनी त्यांना हलवायला याकुझांना गाठलं. दारासमोर रात्री आरडाओरड, कचऱ्याचे ढीग, खिडकीवर दगड. हे वाचताना गिरगाव किंवा दादरच्या वाचकाला परकं वाटेल असं काहीच नाही. अपघाताची भरपाई, बुडीत कर्जाची वसुली, दिवाळखोर कंपनीच्या मालाची वाटणी या सगळ्यांत याकुझा मध्यस्थ असत. भागधारकांच्या सभेत अडचणीचे प्रश्न विचारू नयेत म्हणून, किंवा विचारणाऱ्यांना गप्प बसवावं म्हणून, नामांकित कंपन्या सोकाइया नावाच्या मंडळींना पैसे मोजत. १९९५च्या कोबे भूकंपात यामागुची-गुमीने लोकांना अन्नपाणी वाटलं. त्या वाटपाचे गोडवे अजून गायले जातात. सोकाइयांची आठवण तेवढ्या प्रेमाने कुणी काढत नाही.

दिवाणी भांडणं हा झाला एक बाजार. दुसरा बाजार सरकार स्वतःच उघडून देतं. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेने दारूबंदी करून शिकागो-न्यूयॉर्कच्या टोळ्यांना जे भांडवल पुरवलं, तेच काम लहान प्रमाणात १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने केलं. पिणारे पीत राहिले. हातभट्ट्या खाडीकाठच्या वस्त्यांत गेल्या आणि त्या धंद्यातून वरदराजन मुदलियार मोठा झाला. बोरीबंदरावर हमाली केलेला हा माणूस पुढे धारावीच्या आसपास तंटे सोडवू लागला, आणि माटुंगा स्टेशनबाहेरचा त्याचा गणपती पाहायला मुंबई लोटू लागली. सोन्याची गोष्टही तशीच. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा लग्नघरांची सोन्याची हौस कमी करू शकला नाही. ती पुरवायला हाजी मस्तानसारखे लोक समुद्रात उभे होते. मुलीच्या अंगावर घातलेली बिस्किटाच्या सोन्याची पाटली हा गुन्हा आहे असं कुणाच्या आईला वाटत नव्हतं. १९९० साली कायदा रद्द झाला, पुढच्या दोनेक वर्षांत आयात सैल झाली आणि चोरट्या सोन्यातली कमाई आटली. पण त्या कमाईवर पोसलेली माणसं आणि हत्यारं जागेवरच होती. ती खंडणी, सुपारी आणि जमिनीकडे वळली. सिनेमावाल्यांचं वेगळं सांगायला नको. १९९८ साली सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याचं जाहीर करेपर्यंत बँका या धंद्याला उभं करत नव्हत्या. जिथे बँक नाही तिथे सावकार आला, आणि सावकारामागून फोन.

माल विकायला दुकानात माणसं लागतात. ती कुठून आली हे मुंबईत तारीखवार दाखवता येतं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात जिथे बाप पाळीवर जायचा तिथे मुलगा नाक्यावर उभा राहिला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात गिरणगावातल्या घराची पडझड दिसते, त्यात टोळीत गेलेला मुलगाही आहे. तो राक्षस नाही, आईच्या नजरेने पाहिलेला आहे. कामगारांच्या घरची मुलं जितकी टोळ्यांत गेली, त्याहून कितीतरी जास्त हातगाडी, रिक्षा, वॉचमनची नोकरी यांत गेली, हेही इथे सांगायला हवं. बेकारीतून गुंड निपजतात हे समीकरण कामगारांवर अन्याय करणारं आहे. पण टोळ्यांना दहा-वीस हजार पोरांची गरजच नसते. शे-दोनशे पुरतात.

संपानंतर उरली ती जमीन. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरवले. विक्रीला कामगारांची संमती लागणार, म्हणून कामगार संघटनेवरचा ताबा एकाएकी मोलाचा झाला. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीला भरदिवसा खून झाला, आणि गिरणीच्या जमिनीच्या सौद्यात टोळ्या कुठवर शिरल्या आहेत ते उघड्यावर आलं. सामंतांची हत्या जानेवारी १९९७ची. आज त्या जमिनींवरच्या काचेच्या इमारतींत बसून भाईगिरी संपल्याचं आपण म्हणतो. संपली असेलही. तिने तिथली कामं पुरी केली होती.

साओ पाउलोचा लेख या सगळ्याला छेद देतो, आणि मला तो संग्रहातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या कारांदिरू तुरुंगात दंगल मोडताना पोलिसांनी १११ कैदी मारले. पुढच्या वर्षी ताउबाते इथल्या तुरुंगात काही कैद्यांनी पीसीसी, म्हणजे राजधानीची पहिली फळी, ही संघटना बांधली. तुरुंगात कैद्याचा जीव, त्याचं अंथरूण, भेटीला येणारी त्याची बायको, कशाचीच हमी सरकार देत नव्हतं. ती पीसीसीने दिली. वर्गणी ठरवली, आपसांतल्या खुनांवर बंधन घातलं, तक्रार आली तर फोनवरून सुनावणी घेतली. सरकारने म्होरक्यांना फोडण्यासाठी दूरच्या तुरुंगांत हलवलं, तेव्हा ते जिथे गेले तिथे शाखा निघाली. मे २००६ मध्ये या संघटनेने तुरुंगांत एकाच वेळी बंड करवून आणि पोलिसांवर हल्ले करून साओ पाउलोसारखं महानगर काही दिवस ठप्प केलं. पुढच्या काळात शहरातल्या खुनांची संख्या उतरली. श्रेय पोलिसांचं की पीसीसीच्या शिस्तीचं, यावर तिथले अभ्यासक अजून वाद घालतात. गुन्हेगाराला तुरुंगात टाकला की प्रश्न मिटला असं मानणाऱ्यांनी हा लेख सावकाश वाचावा.

‘गिऱ्हाईक’ या शब्दावर वाचकाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हप्ता देणारा प्रत्येक जण हौसेने देत नाही. राखणदार स्वतःच झाडं तोडतो, हे मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. धोका तयार करणारा आणि धोक्यावर उतारा विकणारा हात बहुधा एकच असतो. पालेर्मोत लिबेरो ग्रास्सी नावाचा कापड-कारखानदार होता. जानेवारी १९९१ मध्ये त्याने तिथल्या वर्तमानपत्रात आपल्याकडे खंडणी मागणाऱ्याला उद्देशून उघड पत्र लिहिलं की मी पैसे देणार नाही. शहरातले उद्योजक त्याच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. उलट धंद्याची बदनामी केली म्हणून नाराज झाले. २९ ऑगस्टला त्याला घराजवळ गोळ्या घातल्या. तेव्हा बळी आणि गिऱ्हाईक यांच्यातली रेघ कुठे काढायची? माझं उत्तर असं की ती माणसामाणसांत काढता येत नाही, एकाच माणसाच्या आयुष्यात काढावी लागते. जो व्यापारी सोमवारी निमूट हप्ता देतो तोच गुरुवारी शेजारच्या दुकानदाराला उठवायचं काम त्याच हप्तेवाल्याला सांगतो. ग्रास्सीने दोन्ही नाकारलं होतं, म्हणून तो एकटा पडला. २००४च्या जूनमध्ये पालेर्मोच्या भिंतींवर तरुणांनी रातोरात चिठ्ठ्या चिकटवल्या की खंडणी देणारी अख्खी जनता ही स्वाभिमान नसलेली जनता आहे. त्यातून ‘आदिओपित्सो’ ही चळवळ निघाली. खंडणी न देणाऱ्या दुकानांची यादी करायची आणि लोकांनी तिथेच खरेदी करायची, ही तिची साधी रीत. टोळीचं गिऱ्हाईक फोडून ते प्रामाणिक दुकानाकडे वळवण्याचा इतका सरळ प्रयत्न मला दुसरा ठाऊक नाही.

राजकारणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर दोन स्वतंत्र लेख आहेतच. १८६० साली नेपल्समध्ये जुनं राज्य कोसळत असताना लिबोरिओ रोमानो या मंत्र्याने शहर शांत ठेवण्यासाठी कामोर्राच्या लोकांनाच पोलीस म्हणून नेमलं. आपल्याकडे मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेल्यावर नेमलेल्या व्होरा समितीने टोळ्या, अधिकारी आणि राजकारणी यांच्या साट्यालोट्याबद्दल लिहिलं. त्या अहवालाचा उल्लेख आजही भाषणांत येतो, कारवाईत क्वचित. दगडी चाळीतून अरुण गवळी २००४ साली आमदार म्हणून निवडून आला आणि २०१२ साली नगरसेवकाच्या खुनासाठी दोषी ठरला. निवडून देणारे मतदार खरे होते, मतंही खरी होती.

राज्यसंस्था प्रतिकार करते तेव्हा तिची नजर कुठे असते हे पाहण्यासारखं असतं. मुंबईने माणसावर नजर ठेवली. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला, तिथपासून पुढची पंचवीस वर्षं चकमकींचा सिलसिला चालला आणि शेकडो माणसं मेली. त्या काळात मुंबईकरांनी चकमकवाल्या अधिकाऱ्यांना डोक्यावर घेतलं, मग त्यांतल्या काहींवर खुनाचे आणि खंडणीचे खटले उभे राहिलेले पाहिले. या प्रश्नावर संग्रहातल्या दोन लेखकांचं एकमत नाही. एकाच्या मते चकमकींनी शहराला श्वास दिला. दुसऱ्याच्या मते त्यांनी एका टोळीचं काम दुसऱ्या टोळीसाठी फुकटात केलं. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, पण पहिल्याचा लेख अधिक माहितीचा आहे हे मान्य करतो.

जपानने सभासदाच्या रोजच्या जगण्यावर नजर ठेवली. १९९२ साली टोळीविरोधी कायदा अमलात आला, आणि २०११ पर्यंत प्रत्येक प्रांतात असे नियम झाले की याकुझाशी व्यवहार करणाऱ्यालाच जाब द्यावा लागेल. म्हणजे कायद्याने गिऱ्हाइकाचं मनगट धरलं. मग याकुझाला बँकेत खातं नाही, भाड्याचं घर नाही, मोबाइल नाही. टोळी सोडल्यावरही पाच वर्षं हीच गत. परिणाम झाला. २०२४च्या अखेरीस संख्या १८,८०० वर आली आणि उरलेल्यांत निम्म्याहून अधिक पन्नाशीच्या पुढचे. पण जपानी पोलिसांना आता ‘तोकुर्यू’ या नव्या प्रकाराची चिंता आहे. निनावी, सैल, पाटी नाही, कार्ड नाही. समाजमाध्यमावर झटपट कमाईची जाहिरात येते, एकमेकांची नावंही माहीत नसलेली पोरं म्हाताऱ्यांना फोनवर फसवतात किंवा त्यांच्या घरात घुसतात, आणि हुकूम देणारा कुठल्या देशात बसला आहे ते पकडलेल्याला सांगता येत नाही. इथे टोळी हमी विकत नाही, फक्त लुटते. फ्रान्केतीचा उद्योग इथे बंद पडला असं म्हणायचं, की त्याने मालक दिसू नये अशी सोय करून घेतली, हे लेखकाने उघडं ठेवलं आहे. तेच बरं केलं.

इटलीने उशिरा का होईना, मालमत्तेवर नजर ठेवली. पालेर्मोचा कम्युनिस्ट खासदार पिओ ला तोर्रे याने मांडलेला कायदा तो जिवंत असेपर्यंत पडून होता. ३० एप्रिल १९८२ला त्याला मारलं, ३ सप्टेंबरला जनरल दाल्ला किएझा यांना मारलं, आणि त्याच महिन्यात कायदा मंजूर झाला. माफिया संघटनेचं नुसतं सभासदत्वही गुन्हा ठरलं आणि तिची मालमत्ता जप्त करता येऊ लागली. १९८६-८७च्या महाखटल्यात ४७५ आरोपी होते, त्यांतले तीनशेहून अधिक दोषी ठरले. त्या खटल्याची किंमत न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांनी १९९२च्या उन्हाळ्यात स्फोटांत प्राण देऊन चुकवली. १९९६ साली आणखी एक कायदा आला: जप्त जमिनी आणि घरं विकण्याऐवजी गावाच्या, सहकारी संस्थांच्या उपयोगासाठी द्यायची. लिलाव केला तर माफियाच दुसऱ्याच्या नावाने बोली लावील, ही भीती त्यामागे होती. कोर्लिओनेच्या परिसरात अशा जमिनींवर आज सहकारी शेती चालते. सगळं सुरळीत आहे असं नाही. कित्येक जप्त इमारती गहाणखतांच्या आणि अपिलांच्या गुंत्यात वर्षानुवर्षं कुलूपबंद पडल्या आहेत.

आपल्याकडे तस्करांची मालमत्ता जप्त करण्याचा साफेमा कायदा १९७६चा. २००० साली मुंबईत दाऊद इब्राहिमच्या मालमत्तांचा लिलाव पुकारला तेव्हा बोली लावायला कुणी आलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भेंडीबाजार भागातल्या तीन मालमत्ता ११.५८ कोटींना गेल्या. घेणारा ट्रस्ट त्याच भागाचा पुनर्विकास करत होता. दाऊद दूर होता, त्याच्या भीतीला ओसरायला तरी सतरा वर्षं लागली. १९९९च्या मोक्का कायद्यातही मालमत्ता जप्तीची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे, विसाव्या कलमात. बातम्यांत आणि कोर्टातल्या वादांत मात्र आपण अठरावं कलम ऐकत आलो आहोत, पोलीस अधिकाऱ्यापुढच्या कबुलीजबाबाचं.